मामांनी डिस्क भादरली

मामांच्या दुकानात लोक केस कापायला येतात, असं म्हणायची पद्धत होती. खरं तर येणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या डोक्यावर कापण्यासारखं फारसं उरलेलंच नव्हतं. ते यायचे कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरसाठी. मामांच्या मुलीला दुसऱ्या शहरात नोकरी लागली, तिने नवा कॉम्प्युटर घेतला आणि जुना बापाच्या दुकानात आणून ठेवला. नंबर येईपर्यंत गिऱ्हाइकांनी शिळं वर्तमानपत्र चाळण्यापेक्षा जरा गाडी पळवावी, एवढाच तिचा हेतू. मग भंगारातून एका व्हॅनची सीट आली, तिच्यापुढे खेळायचं स्टेअरिंग बसलं, खाली पेडलं आली, आणि बघता बघता केस कापायच्या खुर्चीपेक्षा त्या सीटला जास्त मागणी आली.

मामा म्हणजे जगमामा. सख्खा भाचा एकही नाही, पण पोस्टमनपासून बेकरीवाल्यापर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणत. हात हलका आणि तोंड त्याहून हलकं. कुणाला नाही म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, आणि पुढचं सगळं रामायण त्या स्वभावातूनच घडलं.

शर्यतीच्या खेळात मुळात ज्या गाड्या आणि रस्ते येतात तेवढ्यावर भागवणारी माणसं वेगळी. जगभरचे हौशी लोक घरी बसून नव्या गाड्या, नवे रस्ते बनवतात आणि फुकट वाटतात. त्यांना मॉड म्हणतात. फुकट म्हटल्यावर विचारायलाच नको. पोस्टमनला टपालाची व्हॅन हवी होती, ती मिळाली. बेकरीवाल्याचं लांब नाकाच्या एका जुन्या गाडीवर मन बसलं, ती आली, आणि मागोमाग वेगवेगळ्या रंगांत तिच्या सगळ्या बहिणीही आल्या. समोरच्या चष्मेवाल्याने तर रस्तेच गोळा केले. बर्फातला, वाळवंटातला, एक चंद्रावरचासुद्धा. गिऱ्हाइकाने खुर्चीत बसून मोबाइलवर गाडी दाखवायची आणि मामांनी दाढीचा साबण फेसता फेसता ती कॉम्प्युटरवर उतरवायला लावायची, असा शिरस्ता पडला. डिस्क किती आणि भरली किती, हे कुणी बघितलं नाही. कपाटाचं दार लागतंय तोवर आत काय कोंबलंय हे कोण बघतो?

आता स्टेअरिंगची गोष्ट. खेळायच्या नव्हे, खऱ्या.

मामांचे वडील टॅक्सी चालवायचे. मामा लहानपणी त्यांच्या मांडीवर बसून ते स्टेअरिंग धरायचे आणि आपणच गाडी चालवतोय अशा थाटात रस्त्यावरच्या लोकांकडे बघायचे. मोठेपणी ड्रायव्हरच व्हायचं त्यांच्या मनात होतं. वडील म्हणाले, “एका घरात एकानेच धूर खावा,” आणि त्यांनी पोराच्या हातात कात्री दिली. टॅक्सी भंगारात गेली त्या दिवशी म्हाताऱ्याने पाना घेऊन तिचं स्टेअरिंग तेवढं काढून आणलं. काळं, जड, आणि डावीकडे जिथे त्यांचा तळवा टेकायचा तिथे झिजून गुळगुळीत झालेलं. वडील गेल्यावर ते मामांनी दुकानात टांगलं. सकाळी दुकान उघडलं की मामा त्या झिजलेल्या जागेवर एकदा हात ठेवत आणि मगच दिवा लावत.

असं स्टेअरिंग कुणी पैजेला लावतं का? मामांनी लावलं. कोपऱ्यावरच्या अग्निशमन केंद्रातल्या लोकांनीही विरंगुळ्याच्या खोलीत असाच एक कॉम्प्युटर बसवला होता. त्यांचा प्रमुख बंबाचा ड्रायव्हर, त्याला सगळे कप्तान म्हणत. दांडगा, मिशीवाला, केस कापायला मामांकडेच येणारा. एकदा खुर्चीत बसून तो म्हणाला, “मामा, तुमच्या त्या कोपऱ्यात लोक गाड्या चालवत नाहीत, गाड्या त्यांना चालवतात.” दुकानात हशा पिकला. मामांनी उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. “दरवर्षी एक शर्यत लावा. जिंकाल तर ते वरचं स्टेअरिंग वर्षभर तुमच्याकडे.” कप्तान म्हणाला, “आणि लागोपाठ तीनदा जिंकलो तर कायमचं.” एवढ्या लोकांसमोर माघार कशी घ्यायची? मामांनी हात मिळवला.

पहिल्या वर्षी मामा हरले. दुसऱ्या वर्षीही हरले. “नाचता येईना, अंगण वाकडं,” असं मामी म्हणाल्या, कारण दोन्ही वेळा मामांनी दोष पेडलला दिला होता. पण मामी बोलल्या त्या हसत बोलल्या. मामांना खरं लागलं ते वेगळंच. मध्ये एकदा ते काही कामाने केंद्रात गेले होते, तेव्हा त्यांना भिंतीवर वडिलांचं स्टेअरिंग दिसलं. त्याच्यावर कुणीतरी ओला टॉवेल वाळत घातला होता. मुद्दाम नसेल घातला. बंबवाल्यांना टॉवेल वाळत घालायला जागा हवीच असते. मामा तसेच परत फिरले. घरी आले आणि जेवले नाहीत.

तिसऱ्या शर्यतीची वेळ आली. जिंकणाऱ्याने पुढचा रस्ता निवडायचा हा नियम. कप्तान खुर्चीत बसला, गळ्याभोवती कापड बांधून घेतलं आणि म्हणाला, “यंदा घाट. नवीन मॉड आलाय. झाडाचं पानन् पान बनवलंय त्या माणसाने.”

मामांनी त्याचे केस अर्धवट ठेवून तिथल्या तिथे तो घाट उतरवायला लावला. थोड्या वेळाने पडद्यावर पाटी आली. डिस्कवर पुरेशी जागा नाही. मामांनी घाईघाईने पडद्यावर टॉवेल टाकला. म्हणजे ताकाला जाऊन भांडं लपवण्यातला प्रकार, कारण कप्तानाने आरशात ती पाटी केव्हाच वाचली होती.

“रस्ता नसेल तर शर्यत कशी करणार, मामा? न उतरताच हरलात असं धरावं लागेल.”

यात त्याचं काही खोटं नव्हतं. ज्याने त्याने आपला कॉम्प्युटर आणायचा, दोन्ही एका तारेने जोडायचे, आणि दोन्हींवर तोच रस्ता असायचा, अशीच शर्यतीची पद्धत होती. घाट मावला नाही तर सराव नाही, शर्यत नाही, आणि वडिलांचं स्टेअरिंग कायमचं टॉवेल वाळवायला.

दुसऱ्या दिवशी मामांनी मंडळींना गोळा केलं आणि सरळ सांगितलं, “गाड्या कमी करायच्यात. कुणाची काढू?”

एकजात सगळ्यांना हा विचार पटला. बेकरीवाला म्हणाला चंद्रावरचा रस्ता काढा, तिथे कोण जातंय. चष्मेवाला म्हणाला एकाच गाडीचे इतके रंग कशाला, दिसायला सगळे सारखेच. पोस्टमन म्हणाला की टपालाची व्हॅन ही अत्यावश्यक सेवा आहे. तासभर बोलणं झालं आणि एकही गाडी निघाली नाही.

मामांना त्यातून एक नामी युक्ती सुचली. जिला वाली नाही ती गाडी काढावी. यादीत खाली एक राखाडी मोटार होती. चौकोनी, कंटाळवाणी, कारकुनी चेहऱ्याची. तिला कुणी कधी हात लावला नव्हता. “हिच्यासाठी रडायला कुणी नाही,” असं म्हणून मामांनी ती पुसून टाकली. थोडीशी जागा झाली. बेकरीवाला खुशीत सीटवर बसला, त्याने आपली लाडकी गाडी सुरू केली, आणि गाडी निघाली, पण आवाजच नाही. नुसती चित्रासारखी सरकत गेली. पोस्टमनची व्हॅन मुकी. बाकीच्या गाड्याही मुक्या. बेकरीवाल्याने थोडा वेळ तोंडानेच घुर्र घुर्र करून बघितलं, पण गियर बदलताना त्याला ठसका लागला.

बुडत्याचा पाय खोलात. मामांनी मुलीला फोन लावला.

“बाबा, राखाडी गाडी काढलीत ना? त्या सगळ्या गाड्या एकाच माणसाने बनवल्यात. इंजिनाचा आवाज त्याने एकाच गाडीत ठेवलाय, बाकीच्या तिच्याकडून उसना घेतात.”

“मग आता?”

“डाउनलोडच्या फोल्डरमध्ये तिची मूळ झिप फाइल असेल. ती उघडून परत बसवा. आणि बाबा, आता गाड्यांना हात लावू नका. आधी बघा तरी, जागा नक्की कोण खातंय ते. खुर्चीत माणूस बसला की तुम्ही लगेच कात्री चालवता का?”

नव्या गिऱ्हाइकाचं डोकं मामा आधी सगळीकडून फिरून बघत, भोवरा कुठे आहे, केस कुठे दाट आहेत, आणि मगच कात्रीला हात घालत. इतकी वर्षं केलेली गोष्ट ऐन वेळी विसरायला झाली याची त्यांना लाज वाटली. त्यांनी राखाडी गाडी मानाने परत बसवली. मग मुलीने सांगितलं तसं एकेक फोल्डर उघडून ते आकार बघत बसले.

सगळ्या गाड्या मिळून बऱ्यापैकी जागा खात होत्या, रस्ते त्याहून जास्त. ज्या बसवून झाल्या त्यांच्या झिप फाइलीही तशाच पडून होत्या, म्हणजे कोट अंगावर आणि कोटाचा खोकाही अंगणात, तसं. पण या सगळ्यांना पुरून उरेल असं एक भलंमोठं फोल्डर बाजूला निवांत बसलं होतं. रेकॉर्डिंगचं. खेळाने त्या कॉम्प्युटरवर झालेली प्रत्येक शर्यत आपणहून नोंदवून ठेवली होती, पहिल्या दिवसापासूनची. पोस्टमन भिंतीवर आदळला ते. चष्मेवाला उलट्या दिशेने निघाला ते. कुणीच कधी ते उघडून बघितलं नव्हतं, कारण आहे हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

मामांनी आनंदाने मांडीवर थाप मारली. सुंठीवाचून खोकला जाणार होता. कुणाची गाडी नको, कुणाचा रस्ता नको, नुसतं हे फोल्डर भादरलं की झालं. बोट दाबणार तेवढ्यात त्यांना दोन नोंदी दिसल्या. कप्तानाबरोबरच्या दोन्ही शर्यतींच्या. आपली फजिती दुसऱ्यांदा बघायची हौस कुणाला असते? पण मामांचा हात पुढे जाईना. त्यांनी गेल्या वर्षीची नोंद लावली.

खेळताना जे कधी दिसत नाही ते वरून दिसत होतं. दोन गाड्या रस्त्यावर किड्यांसारख्या चाललेल्या. मामांची पुढे, कप्तानाची मागे. अरे, आपण पुढे होतो? मामांना हे आठवतच नव्हतं. पुढे एक अरुंद वळण आलं, डावीकडचं. कप्तानाने डावीकडे वळायच्या आधी गाडी थोडी उजवीकडे नेली. पुढच्या अरुंद वळणाला पुन्हा तेच. शर्यतीत वळणाआधी बाहेरून येतात हे खरं, पण हा वळणाच्या पोटापर्यंत बाहेरच राहत होता आणि आतली सगळी जागा मोकळी सोडत होता. मामा पडद्यापाशी वाकले. लहान मोटार असं कशाला करेल? मग त्यांना तो लांबलचक लाल बंब गल्लीच्या तोंडाशी वळताना डोळ्यांसमोर आला. आधी उलट बाजूला फाकायचं, मग मागचा भाग भिंतीला न घासता आत घ्यायचा. जन्मभर बंब वळवलेला माणूस खेळातली गाडीसुद्धा बंबासारखीच वळवत होता.

“आता सापडलास,” मामा म्हणाले.

मामी डबा घेऊन आल्या होत्या आणि मागे उभ्या राहून बघत होत्या. त्या शाळेच्या बसवर मुलांना चढवायचं-उतरवायचं काम करत. ड्रायव्हरच्या शेजारी उभं राहण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं.

“तो सापडला ते ठीक,” त्या म्हणाल्या. “पण अहो, तुमची गाडी मधूनच अशी का डुलते?”

खरंच डुलत होती. सरळ रस्ता, समोर कुणी नाही, आणि मामांची गाडी घटकेघटकेला जराशी डावीकडे कलायची, वेग पडायचा, परत सावरायची. प्रत्येक वेळी कप्तान थोडा जवळ यायचा.

“पेडल,” मामा म्हणाले.

“पेडल कसलं. तुम्ही आरशात बघता. पडद्यावर वर तो मागचं दाखवणारा आरसा आहे ना, त्यात. दुकानातही तुमचं तेच. समोर बसलेल्या माणसाच्या डोक्याकडे तुम्ही बघतच नाही, आरशातल्या डोक्याकडे बघता. लग्न ठरताना मलासुद्धा आधी कपाटाच्या आरशात बघितलं होतं तुम्ही.”

मामांना आधी हसू आलं. खरं होतं ते. आरशात बघून त्यांचं पोट भरत होतं आणि आरशात बघूनच त्यांनी वडिलांचं स्टेअरिंग घालवलं होतं.

त्या दुपारी दुकान बंद असल्याची पाटी लागली. आत मामांनी रेकॉर्डिंगचं फोल्डर समूळ साफ केलं, दोन्ही पराभवांसकट. सगळी आदळआपट, सगळ्या फजित्या, वर्षानुवर्षांचा कचरा. पाठोपाठ बसवून झालेल्या गाड्यांच्या झिप फाइली गेल्या, राखाडी गाडीची तेवढी आदराने ठेवली. पुन्हा उकिरडा साचू नये म्हणून त्यांनी नोंदी करायची सोयच बंद केली. मोकळ्या जागेचा पट्टा लांब होत गेला तशी मामांची छाती फुगत गेली. घाट उतरला, ऐसपैस बसला, आणि वर जागा उरली. शेवटी मामांनी खेळातला तो वरचा आरसा बंद केला.

आरशाशिवाय पहिले काही दिवस त्यांना आंधळ्यासारखं झालं. मागून कोण येतंय या धास्तीने खांदे दुखायला लागले. चष्मेवाला सराव बघायला येऊन बसायचा. तो म्हणाला, “जास्त दिसावं म्हणून लोक माझ्याकडे येतात. कमी दिसावं म्हणून धडपडणारे तुम्ही पहिलेच.” पण घाट हळूहळू ओळखीचा झाला. कुठे झाडं दाट, कुठे कठडा तुटका, आणि शेवटच्या उतारानंतर पुलापाशी ते डावीकडचं अरुंद वळण. तिथे मामा रोज आतल्या बाजूने घुसायचे आणि रोज पुलाला धडकायचे. मग एक दिवस धडकले नाहीत. त्या दिवशी बेकरीवाल्याने सगळ्यांना गरम पाव वाटले.

शर्यतीच्या दिवशी मामांचा कॉम्प्युटर, खेळायच्या स्टेअरिंगसकट, उशीत गुंडाळून टपालाच्या खऱ्या गाडीतून केंद्रात गेला. विरंगुळ्याच्या खोलीत दाटी झाली होती. भिंतीवर स्टेअरिंग होतं. आज त्याच्यावर टॉवेल नव्हता. कप्तानाने ते पुसून ठेवलं होतं, हेही सांगायला हवं.

“झाली का जागा, मामा?” कप्तानाने विचारलं.

“ऐसपैस,” मामा म्हणाले.

सुरुवातीलाच कप्तान पुढे गेला. घाटभर तो पुढेच राहिला, आणि गाडी तो मस्त चालवत होता, त्यात शंका नाही. मामा मागे चिकटून होते. अरुंद वळणं येत होती आणि प्रत्येक वळणाला कप्तान बाहेर फाकत होता. मामांचे हात शिवशिवत होते, पण ते थांबले. आत्ताच घुसलं तर तो सावध होईल. मागे उभा बेकरीवाला श्वास घ्यायचा विसरला होता. शेवटचा उतार आला, पूल दिसला, कप्तानाची गाडी सवयीने उजवीकडे गेली, आणि डावीकडे दार उघडल्यासारखी जागा झाली. मामा त्या दारातून आत गेले. कठड्याला त्यांच्या गाडीचा बाजूचा आरसा घासला असेल नसेल, आणि ते पुढे होते.

आता उरला सरळ रस्ता. आतापर्यंत दोनदा मामा अशाच रस्त्यावर हरले होते. कप्तानाच्या इंजिनाचा आवाज पाठीशी आला, मग जवळ आला, मग अगदी कानाशी आला. मामांची नजर वर आरशाच्या जागी गेली. तिथे नुसतं आभाळ होतं. त्यांनी नजर खाली आणली, समोरच्या रस्त्यावर ठेवली, आणि डावा तळवा स्टेअरिंगवर जसा वडील टेकवायचे तसा टेकवला. गाडी जराही डुलली नाही.

बेकरीवाल्याने पोस्टमनला उचललं. चष्मेवाल्याचा स्वतःचाच चष्मा कुणाच्या तरी पायाखाली आला. कप्तान उठला, भिंतीवरचं स्टेअरिंग काढलं आणि दोन्ही हातांनी मामांसमोर धरलं. मामांना काहीतरी चुरचुरीत बोलायचं होतं, घरून ठरवून आणलं होतं. ते त्यांना आठवलं नाही. त्यांनी झिजलेल्या जागेवर हात ठेवला आणि सगळ्यांसमोर खुशाल रडले.

रात्रीपर्यंत कुणी वाट बघितली नाही. मुलीला तिथूनच फोन गेला. ती म्हणाली, “बाबा, रेकॉर्डिंग पाठवा ना.”

मामांनी कपाळाला हात लावला. सगळ्या हारी खेळाने इमानाने जपून ठेवल्या होत्या आणि जिंकले त्या दिवशी नोंद करायची सोय मामांनी स्वतःच्या हाताने बंद केलेली होती. कप्तानाने केंद्राच्या कॉम्प्युटरवर शोधलं. तिथे ती सोय कधी चालूच नव्हती.

“नाही गं,” मामा फोनवर म्हणाले. “सांगतो ना मी. ऐक.”

स्टेअरिंग पुन्हा दुकानात लागलं, पण जुन्या जागी नाही. मामांनी ते खुर्चीच्या मागच्या भिंतीवर अशा ठिकाणी टांगलं की खुर्चीत बसणाऱ्याला ते समोरच्या आरशात बरोबर दिसावं. महिन्याभराने कप्तान केस कापायला आला. शेजारच्या बाकावर एक नवं गिऱ्हाईक बसलं होतं. त्याने विचारलं, “ते स्टेअरिंग कसलं हो?” मामांनी घसा साफ केला.

“थांबा मामा, मी सांगतो,” कप्तान म्हणाला. “तुम्ही कमी करून सांगता.”

आणि त्याने घाट सांगितला, उतार सांगितला, रस्त्यावर नसलेलं धुकंही घातलं. पुलाचं वळण आलं तेव्हा कापडाखालून त्याचे दोन्ही हात बाहेर निघाले आणि तो आपला बंब उजवीकडे फाकवू लागला. “मी इथे, असा. आतली सगळी जागा मोकळी. आणि हा माणूस आतून गेला. मी पार शेपटीला लागलो होतो त्याच्या, पण एकदा, एकदासुद्धा त्याने मागे बघितलं नाही.”

मामांनी कात्री थांबवली, आरशात न बघता त्याचं डोकं दोन बोटांनी धरून सरळ केलं आणि म्हणाले, “मान हलवू नका, कप्तान.”